‘काली’ची अफवा आणि सिलिकॉनची परीक्षा

७ एप्रिल २०१२ रोजी सियाचिनजवळ गयारी इथं पाकिस्तानी लष्कराच्या तळावर हिमकडा कोसळला. १२९ सैनिक आणि ११ नागरी कर्मचारी अशी १४० माणसं बर्फाखाली गाडली गेली. त्यानंतर इंटरनेटवर एक ‘गौप्यस्फोट’ फिरू लागला. हा निसर्गाचा कोप नव्हता म्हणे. भारतानं ‘काली ५०००’ नावाच्या गुप्त किरणशस्त्रानं तो बर्फ वितळवला होता. पुढं हातोहाती व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि हा मजकूर मराठीतही पोहोचला. सीमेवर काही तणाव झाला की तो पुन्हा वर येतो. एकीकडं देवीचं नाव, दुसरीकडं पाकिस्तान; फॉरवर्डला आणखी काय लागतं?

असा मजकूर गटात पडला की आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतात. खोडून काढावं तर देशप्रेमाचा हिशेब मागितला जाईल, ही धास्ती असते. पण इथं खोडून काढण्यासाठी देशप्रेम लागत नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. आणि ते करताना जी खरी गोष्ट हाती लागते ती अफवेपेक्षा कितीतरी रंजक आहे. तिचा संबंध बीड जिल्ह्यातल्या विहिरीवर बसलेल्या सौर पंपाशीही आहे.

‘काली’ हे देवीचं नाव नाही, आद्याक्षरं आहेत: किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. म्हणजे हजारो अँपिअरचा इलेक्ट्रॉन-प्रवाह सरळ रेषेत सोडणारं यंत्र. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ मध्ये ही कल्पना मांडली गेली, १९८९ मध्ये काम सुरू झालं आणि ‘काली’ची एकापेक्षा एक मोठी रूपं तयार होत गेली. त्यातल्या ‘काली ५०००’चे प्रसिद्ध आकडे साधारण असे आहेत: १० लाख व्होल्ट, ४० हजार अँपिअर. दोन्हींचा गुणाकार ४०,००० मेगावॅट. परळीच्या औष्णिक केंद्रात सध्या २५० मेगावॅटचे ३ संच आहेत. म्हणजे अशी ५३ परळी केंद्रं एकाच वेळी पूर्ण भारानं चालली तर एवढी शक्ती होईल. अख्ख्या महाराष्ट्राची कमाल मागणीही याच्या खाली राहते.

आकडा ऐकून माणूस दबतो, आणि अफवा इथंच थांबते. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: ही शक्ती किती वेळ? उत्तर आहे सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. आता गुणाकार पुन्हा करा. एका ठोक्यातली ऊर्जा भरते फक्त ४,००० ज्यूल. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं असतं. त्या एका युनिटात ‘काली’चे ९०० ठोके बसतात. आणि ४,००० ज्यूलमध्ये बर्फ किती वितळेल? जेमतेम १२ ग्रॅम. सरबताच्या ग्लासातला एक खडा. शिवाय १० लाख व्होल्टनं पळवलेला इलेक्ट्रॉन हवेत तीन-चार मीटरच्या पुढं जात नाही. यंत्राचं वजन टनांत, सोबत तेलानं भरलेल्या टाक्या. असं हे ‘शस्त्र’ सियाचिनच्या डोंगरावर चालवायचं होतं.

मग हे यंत्र कशासाठी? त्याचं एक महत्त्वाचं काम परीक्षकाचं. इलेक्ट्रॉनांचा हा झोत सूक्ष्मलहरींत किंवा क्ष-किरणांच्या क्षणिक झगझगाटात बदलता येतो आणि समोर ठेवलेल्या उपकरणावर सोडता येतो. तेजस विमान घडत होतं तेव्हा त्यातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अशा माऱ्यात टिकते का, हे पाहायला संरक्षण संशोधकांनी ‘काली’चा उपयोग केला. जो धक्का पुढं कधीतरी बसणार आहे तो आधीच, आपल्या हातानं, मोजून द्यायचा आणि काय मोडतं ते बघायचं.

ही रीत जुनी आहे. तोफ ओतून झाली की सैन्यात घेण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून ती डागून बघायची, फुटायची असेल तर इथंच फुटू दे, असा शिरस्ता युरोपच्या तोफखान्यांत होता. दखनेत तोफा ओतण्याची कला कुठवर गेली होती हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. बीड परगणा ज्या निजामशाहीत होता तिच्या राजधानीत, अहमदनगरला, १५४९ मध्ये रूमी खानानं मलिक-ए-मैदान ओतली. ती आपल्या शेजारच्या परंड्याला होती, पुढं १६३२ मध्ये विजापूरला गेली आणि आजही तिथंच आहे. तिच्या पोटात जे होत होतं त्याची जात तीच: ऊर्जा सावकाश गोळा करायची आणि क्षणात मोकळी करायची.

विजेत हे जमायला १८वं शतक उजाडावं लागलं. १७४५-४६ मध्ये पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन शहरात मुसेनब्रुक यांना वेगवेगळं एकच गवसलं: काचेच्या बरणीत वीज साठवता येते. पंख्यात आणि मोटारीच्या पेटीत आपण ज्याला कंडेन्सर म्हणतो त्याची ही पणजी. १७४६ मध्ये फ्रान्समध्ये नोलेनं राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि बरणीतली वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदम उडाले. राजा खूश झाला; शिपायांचं मत कुणी लिहून ठेवलेलं नाही.

कंडेन्सरचं काम समजायला विहिरीवरची मोट आठवावी. मोट सावकाश भरते, बैल तिला सावकाश ओढतात, पण थारोळ्यात ती एका दमात रिकामी होते. पाणी तेवढंच असतं, धबका मात्र वेगळा. आता हा धबका लाखो व्होल्टचा हवा असेल तर? तेवढ्या दाबानं थेट भरणारं साधन मिळणं कठीण. यावर १९२४ च्या सुमारास जर्मनीच्या एर्विन मार्क्स या अभियंत्यानं तोडगा काढला. (आडनावावरून गोंधळू नये, हे वेगळे मार्क्स.) घागरी शेजारी शेजारी मांडून एकाच नळानं भरायच्या आणि ओतताना त्यांची उतरंड रचायची; सगळ्यांच्या उंचीची बेरीज होते. विजेत ही उतरंड हात लावून रचता येत नाही. मार्क्सनं कंडेन्सरांच्या मध्ये हवेच्या छोट्या फटी ठेवल्या. पहिल्या फटीत ठिणगी पडली की पुढच्या फटीवरचा ताण वाढतो, तिथंही ठिणगी पडते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे कंडेन्सर एका ओळीत जोडले जातात. एक लाख व्होल्टनं भरलेले दहा असतील तर दहा लाख.

मार्क्सला ही कृत्रिम वीज हवी होती ती वीजवाहिन्यांच्या सामानासाठी. आकाशातली वीज तारेवर पडली तर चिनीमातीचे इन्सुलेटर आणि डीपी टिकतील का, हे पावसाची वाट न बघता कळायला हवं होतं. आजही त्या चाचणीच्या लाटेचं माप जगभर ठरलेलं आहे: व्होल्टेज १.२ मायक्रोसेकंदात शिखर गाठतं आणि ५० मायक्रोसेकंदात निम्म्यावर येतं. आपल्या गावातल्या डीपीच्या नमुन्यानं प्रयोगशाळेत हा मार सोसलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी याहून धारदार ठोके लागले. अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्यानं ते घडवणारी पट्टी-रचना शोधली. रडारच्याच चाचणीच्या उड्डाणात १९४२ मध्ये विमान पडून तो गेला, वय ३८. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या अणुशस्त्र केंद्रात चार्ली मार्टिनच्या गटानं मार्क्सची उतरंड आणि ब्लूमलाइनची पट्टी एकमेकांना जोडली. ‘काली ५०००’ याच घराण्यातली आहे. याच काळात एक घटना घडली. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेनं पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला आणि चौदाशेहून जास्त किलोमीटरवरच्या हवाई बेटांत रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले. स्फोटातून निघालेल्या विद्युतचुंबकीय धक्क्यानं ही करामत केली होती. धक्क्यांनी इलेक्ट्रॉनिक्स तपासण्याचा धंदा त्यानंतर गंभीर झाला.

इथवर गोष्ट सैन्याची आहे. पण तिचा दुसरा फाटा आपल्या घरात येतो, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर बनला. सिलिकॉनची एक चकती, तिच्या ‘गेट’ला छोटासा इशारा दिला की हजारो अँपिअरचा दरवाजा उघडते. वीज नुसती वाहून न नेता तिला वळवण्याचं, कापण्याचं शास्त्र म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. त्याचा पाया ही चकती. महाराष्ट्रातलं तिचं सगळ्यात मोठं काम बघायचं तर चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी बघावी. १९९९ मध्ये सुरू झालेली, ५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॅट नेणारी. विदर्भाच्या कोळशाची वीज मुंबईच्या दारात पोहोचते ती दोन्ही टोकांना ओळीनं रचलेल्या थायरिस्टरांच्या भरवशावर.

या चकतीची एक खोड आहे. वाड्याच्या किंवा किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात एक दिंडी दरवाजा असतो ना, तसं तिचं उघडणं असतं. इशारा मिळाला की सगळी चकती एकदम उघडत नाही. गेटजवळचा चिमूटभर भाग आधी उघडतो आणि मग ते उघडेपण दर मायक्रोसेकंदाला साधारण ०.१ मिलिमीटर इतक्या चालीनं पसरतं. मोठा दरवाजा उघडायच्या आधीच बाहेरचा जमाव घुसला तर दिंडीत चेंगराचेंगरी होते. प्रवाह फार वेगानं चढला तर त्या चिमूटभर जागेत सिलिकॉन वितळून भोक पडतं. चकती सरासरी किती प्रवाह पेलते याचं उत्तर इथं कामाला येत नाही. प्रवाह किती वेगानं चढला तर ती पेलते, हे विचारावं लागतं. म्हणूनच मोठ्या थायरिस्टरांमध्ये गेट मेंदीच्या नक्षीसारखं चकतीभर पसरवतात. ती नक्षी पुरेशी आहे की नाही हे मात्र सांगते ती चाचणीच: प्रचंड प्रवाह, तोही अत्यंत वेगानं चढणारा. डीसी वाहिनीच्या थायरिस्टर-रांगेवर लाटेचं व्होल्टेज लादून, ऐन शिखरावर तिला उघडायला लावणारी चाचणी आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

पुढं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्येच बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी घडवला. जन्म मद्रासचा, बालपण बंगळुरूच्या जालहळ्ळीत. हा दरवाजा हवा तेव्हा उघडतो आणि हवा तेव्हा बंदही होतो, सेकंदाला हजारो वेळा. लोकल गाडी, पवनचक्की, इन्व्हर्टर, विजेची मोटारगाडी, सगळ्यांच्या पोटात आज तो किंवा त्याचे भाऊबंद आहेत. त्याची परीक्षा घेतात ती दुहेरी ठोक्यानं. पहिल्या ठोक्यात एका कॉइलमधून प्रवाह हव्या त्या आकड्यापर्यंत चढवायचा आणि दरवाजा बंद करायचा. बंद होताना किती ऊर्जा जळली ते मोजायचं. काही मायक्रोसेकंद थांबून दुसरा ठोका. आता उघडताना काय होतं ते मोजायचं. सगळं इतक्या लवकर आटोपतं की चिप तापायलाही सवड मिळत नाही.

असं यंत्र बनवण्यात अवघड काय आहे? प्रवाह मोठा मिळवणं अवघड नाही, तो चटकन मिळवणं अवघड आहे. प्रत्येक तारेला एक जडत्व असतं, त्याला इंडक्टन्स म्हणतात. सरळ तारेचं ते सेंटीमीटरमागं ढोबळमानानं १० नॅनोहेन्री. आता अर्ध्या वितीच्या, १० सेंटीमीटर तारेतून १०० नॅनोसेकंदांत १,००० अँपिअर चढवायचे म्हटले तर नुसत्या त्या तारेलाच १,००० व्होल्ट द्यावे लागतात. चिपपर्यंत काही पोहोचण्याआधीच. म्हणून इथला कारागीर तारा वापरतच नाही. तांब्याचे दोन रुंद पत्रे, मध्ये कागदासारखं पातळ इन्सुलेशन; एकातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून परत येतो, आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ मिटवतात. एक मोठा कंडेन्सर लावण्याऐवजी अनेक छोटे, चिपच्या भोवती शक्य तितके जवळ. मोजायला रोगोव्स्कीचं वेटोळं, १९१२ पासूनचं. तारेला न तोडता तिच्याभोवती घालायचं. उत्तम पल्स जनरेटर बघायला गेलात तर निराशा होते. एका पाटावर मावेल एवढं चपटं, बुटकं काहीतरी दिसतं.

आता बीडकडं येऊ. परळीचा पहिला ३० मेगावॅटचा संच १९७१ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आमच्या पट्ट्यात वीज म्हणजे परळी हे समीकरण होतं: राख, कोळशाच्या गाड्या, आणि गोदावरीवरच्या खडक्याचं पाणी. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा. जुने संच आता निवृत्त झालेत. दरम्यान बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, माळावर सौर पॅनेल आली, आणि ‘कुसुम’ व २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून विहिरी-बोअरवर सौर पंप बसले. या बदलाची चर्चा होते ती जमिनीच्या भावाची, भरपाईची, खंडणीची. ती व्हायलाच हवी. पण एक बदल चर्चेत येतच नाही.

परळीची वीज लोखंडातून यायची. टनावारी वजनाचा फिरता रोटर, तांब्याचे जाड वेढे. बाहेर शॉर्टसर्किट झालं तर काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह देऊनही ते यंत्र जागेवर राहतं. तापायलाच वेळ लागतो, तोवर ब्रेकर पडतो. सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये पॅनेलची डीसी वीज मोटारीसाठी एसी करणारे सहा आयजीबीटी असतात. शॉर्टसर्किटमध्ये एक आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो. तेवढ्यात त्याला बंद केलं नाही तर पेटीतून फट्ट आवाज येतो, जळका वास येतो आणि ऐन भरणीच्या वेळी पाणी थांबतं. डीपी जळाली तर गावाची जळते, चार माणसं मिळून बोंब मारतात. कंट्रोलर जळतो तो एकट्या शेतकऱ्याचा.

आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवात किंवा परतीच्या पावसात वीज कशी पडते हे सांगायला नको. तिचा पहिला फटका साधारण ३० हजार अँपिअरचा असतो, म्हणजे ‘काली’च्याच पंक्तीतला, पण कितीतरी लांबट. पंपावरच पडली तर कोणताच कंट्रोलर वाचत नाही. मात्र दोन शेतं सोडून पडली तरी वायरींत धक्का उमटतो, आणि पेट्या बहुधा त्यानं जातात. हा धक्का पेटीला प्रयोगशाळेत आधी देऊन बघता येतो. बंगळुरू-भोपाळची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था, मुंबईतलं ‘समीर’, पुण्यातली वाहनांची ‘एआरएआय’ अशा ठिकाणी लाटांच्या आणि धक्क्यांच्या चाचण्या होतात. बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या तंत्रनिकेतनातल्या पोरांनीही दुहेरी ठोक्याचा एक पाट बनवायला हरकत नाही, असं मला वाटतं. लागतात कंडेन्सर, पत्रे, एक ऑसिलोस्कोप आणि जाणता शिक्षक. तो शिक्षक जवळ हवाच. ६०० व्होल्टनं भरलेला १,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १८० ज्यूल धरून बसतो, आणि वीज बंद केल्यावरही तो माणूस मारू शकतो.

तोवर ज्यांच्या शेतात पेटी बसली आहे त्यांच्यासाठी वरच्या पत्र्यांच्या कारागिरीतलंच एक-दोन गोष्टींचं शहाणपण. पॅनेलकडून येणाऱ्या दोन्ही वायरी एकमेकींना चिकटून आणाव्यात; एक बांधावरून आणि दुसरी झाडामागून आणली तर मधला मोकळा घेर दूरच्या विजेचा धक्का गोळा करतो. पेटीत सर्ज प्रोटेक्टर आहे का ते बघावं. त्याच्या लेबलवर बऱ्याचदा ४० हजार अँपिअर आणि ८/२० असे आकडे असतात. म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत चढणाऱ्या आणि २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणाऱ्या प्रवाहाचा मारा, तोही एकदाच सोसायची कमाल. मग अर्थिंगची वायर बघावी. तिच्या एका मीटरचं जडत्व साधारण एक मायक्रोहेन्री. १० हजार अँपिअरची अशी लाट आली तर दर मीटरमागं बाराशे व्होल्ट जास्तीचे पेटीवर चढतात. बसवणारा मिस्त्री उरलेली चार-पाच मीटर वायर गोल गुंडाळून, छान टाय मारून पेटीखाली लटकवून जातो. ती सोडवून, तोडून, सरळ जवळच्या रॉडला जोडून घ्यावी, आणि उन्हाळ्यात त्या रॉडच्या बुडाशी अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं.